संगणकातील माहितीची दुसरी प्रत : थेट जोडलेली डिस्क की नेटवर्कवरील डिस्क?

संस्था म्हटली की कागद आलाच. सभासदांची नोंदवही, इतिवृत्ताची वही, पावतीपुस्तके, शिष्यवृत्तीचे अर्ज, हिशेबतपासनिसांचे अहवाल, कार्यक्रमांची छायाचित्रे. पूर्वी हे सारे एका लोखंडी कपाटात मावत असे आणि कपाटाची किल्ली चिटणीसांकडे असे. आज त्या कपाटाची जागा संगणकाने घेतली आहे. कपाट वाळवीपासून आणि ओलीपासून जपावे हे आपणांस कोणी शिकवावे लागले नाही. संगणकातील माहिती कशापासून व कशी जपावी, हे मात्र पुष्कळ सुशिक्षित मंडळींनाही ठाऊक नसते. या लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

आरंभी आमचाच एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही वस्तीतील वयोवृद्ध मंडळींच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम हाती घेतले होते. कोणी गाव सोडून मुंबईस कसे आलो ते सांगितले, कोणी गिरणीतील रात्रपाळीविषयी, कोणी कंदिलाच्या उजेडात केलेल्या अभ्यासाविषयी. संगणकातील जागा भरत आली तेव्हा आम्ही बाहेरून जोडावयाची एक हार्ड डिस्क आणली, सारी ध्वनिमुद्रणे तिच्यावर हलविली आणि संगणक मोकळा केला. ‘बॅकअप घेतला’ असे मोठ्या समाधानाने वहीतही लिहिले. पुढे एके दिवशी ती डिस्क चालू असतानाच टेबलावरून खाली पडली. दुरुस्ती करणाऱ्याने ती कानाशी धरली, आतली टिकटिक ऐकली आणि मान हलविली. ध्वनिमुद्रणे गेली. त्यांतील काही आवाज आता पुन्हा टिपता येणार नाहीत, कारण ती माणसेच हयात नाहीत.

डिस्क पडली हा अपघात होता. चूक आमची होती, ती अशी की जिला आम्ही दुसरी प्रत म्हणत होतो ती एकुलती एक प्रत होती. त्या दिवसापासून आम्ही या विषयाचा जो अभ्यास केला, त्याचे सार सभासदांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

बॅकअप कशाला म्हणावे?

मूळ माहिती जागच्या जागी राहते आणि तिची प्रत दुसऱ्या साधनावर असते, तेव्हाच त्या प्रतीला बॅकअप म्हणावे. फाईल एका ठिकाणाहून काढून दुसरीकडे ठेवली, तर ती केवळ स्थलांतरित झाली. त्याचप्रमाणे एकाच डिस्कचे सी व डी असे दोन भाग असतात. सी वरील फाईल डी वर उतरविली तरी डिस्क एकच असल्याने दोन्ही प्रतींचे मरण एकच असते.

आता माहिती नष्ट होण्याची कारणे पाहू. फिरत्या चकत्यांच्या हार्ड डिस्कमध्ये वाचन-लेखन करणारे हेड चकतीपासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. धक्का बसला तर ते चकतीवर घासते. चकती नसलेल्या एसएसडीला धक्क्याचे भय कमी, पण ती निकामी होते तेव्हा पुष्कळदा कसलीही पूर्वसूचना न देता होते. ही झाली यंत्राची कारणे. यंत्र ठणठणीत असूनही माणसाच्या हातून फाईल पुसली जाते, जुन्या मजकुरावर नवा मजकूर लिहिला जातो, संगणक चोरीस जातो, खोलीत पाणी शिरते, आग लागते. शिवाय फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे विषाणू आहेतच.

ही यादी लक्षात ठेवावी. पुढे कोणत्याही साधनाची परीक्षा करताना एकच प्रश्न विचारावयाचा आहे : यांपैकी कोणते संकट मूळ प्रतीवर आले असता दुसरी प्रत वाचेल, आणि कोणते संकट दोन्ही प्रती एकदम घेऊन जाईल?

थेट जोडलेली डिस्क

यूएसबी तारेने संगणकाला जोडावयाची एक्स्टर्नल हार्ड डिस्क हे सर्वांत परिचयाचे साधन. ती संगणकाशी सरळ बोलते. मध्ये दुसरे यंत्र नसते. तिचे गुण तीन. पहिला, ती स्वस्त आहे. दुसरा, संगणक बिघडला तर डिस्क उचलून दुसऱ्या संगणकाला लावली की फाइली समोर दिसतात. तिसरा गुण सर्वांत मोठा. काम संपताच तार काढून डिस्क कपाटात ठेवता येते. कपाटातल्या डिस्कवर विषाणू जाऊ शकत नाही, विजेचा धक्का जाऊ शकत नाही आणि कोणाची चुकीची आज्ञाही पोहोचत नाही.

दोषही तीन. डिस्क माणसाने आठवणीने जोडावी लागते, आणि माणूस विसरतो. परीक्षा असते, कार्यक्रम असतो, चिटणीस गावी जातात. पाहता पाहता शेवटची प्रत सहा महिन्यांपूर्वीची होऊन बसते. दुसरा दोष, एक डिस्क एका वेळी एकाच संगणकाची सेवा करते. तिसरा, ती हाताळली जाते, म्हणून पडते. आळसाने ती कायम जोडून ठेवली, तर विसरण्याचा दोष जातो खरा, पण वर सांगितलेला सर्वांत मोठा गुणही त्याबरोबर जातो.

तार काढण्यापूर्वी संगणकाला ‘डिस्क सुरक्षितपणे काढावयाची आहे’ अशी आज्ञा अवश्य द्यावी. संगणक पुष्कळदा काही मजकूर स्मृतीत राखून मागाहून डिस्कवर लिहितो. पडद्यावर काम संपलेले दिसले तरी लिखाण चालू असू शकते, आणि त्याच क्षणी तार ओढली तर फाईल अर्धवट राहते.

आणखी एक बारकावा. एफएटी-३२ या जुन्या पद्धतीने आखलेल्या डिस्कवर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाईल मावत नाही. कार्यक्रमाचे लांब चित्रीकरण अशा डिस्कवर उतरविताना संगणक नकार देतो व जागा शिल्लक असूनही असे का, हे समजत नाही. विंडोजसाठी एनटीएफएस, आणि विंडोज व मॅक दोन्हीसाठी वापरावयाची असेल तर एक्स-फॅट पद्धतीने डिस्क आखावी. आखणी बदलताना डिस्कवरील सारे पुसले जाते, म्हणून ती नवी असतानाच हे काम उरकावे.

नेटवर्कवरील डिस्क

दुसरे साधन म्हणजे नेटवर्कवरील साठवण. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘नास’ म्हणतात. दिसावयास हा लहानसा पेटारा असतो, आत एक, दोन किंवा अधिक डिस्का बसविलेल्या असतात. परंतु ही नुसती डिस्क नाही, तो स्वतंत्र संगणकच आहे. त्याला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची कार्यप्रणाली, स्वतःचे वापरकर्ते व पासवर्ड असतात. फक्त पडदा व कीबोर्ड नसतो. तारेने तो राउटरला जोडावयाचा, मग खोलीतील सर्व संगणकांना तो एका सामाईक कपाटासारखा दिसतो.

याचा मुख्य गुण नियमितपणा. प्रत कोणत्या वेळी घ्यावी हे एकदा ठरवून दिले की माणसाच्या आठवणीची गरज उरत नाही. विंडोजमधील ‘फाईल हिस्टरी’ ही सोय २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून आहे, तर मॅकमधील ‘टाइम मशीन’ २००७ पासून. या दोन्ही सोयी यूएसबी डिस्कवर चालतात, तशाच नेटवर्कवरही चालतात, आणि नेहमीच्या मांडणीत दर तासाला बदललेल्या फाइलींची प्रत घेतात. कार्यालयात तीन-चार संगणक असतील तर एकच नास सर्वांची सेवा करतो.

मात्र फाईल हिस्टरी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठराविक जागांचीच प्रत घेते. आपल्याकडे पुष्कळांना सारे काम डी ड्राइव्हवर ठेवण्याची सवय आहे. तेथील फोल्डर मुद्दाम सामील केले नाही, तर वर्षभर बॅकअप चालू असूनही नेमके कामाचे फोल्डर त्यात नसते.

नासचे दोषही नीट समजून घ्यावेत. तो महाग पडतो. पेटारा वेगळा व त्यातील डिस्का वेगळ्या घ्याव्या लागतात. तो अहोरात्र चालू राहतो, म्हणून त्याला यूपीएस हवा. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि लिखाण चालू असता वीज गेली तर फाइलींची मांडणी बिघडू शकते. बहुतेक नास यूएसबी तारेने यूपीएसला जोडता येतात. मग वीज गेल्यावर ते स्वतःच शिस्तीने बंद होतात. पेटाराच बिघडला, तर आतली डिस्क काढून विंडोजच्या संगणकाला लावून भागत नाही, कारण ती सहसा लिनक्सच्या पद्धतीने आखलेली असते. अशा वेळी जाणकार माणूस किंवा तशाच जातीचा दुसरा पेटारा शोधावा लागतो.

वेगाचे गणित

विद्यार्थ्यांनी येथे थोडे गणित करून पाहावे. जाहिरातीतील वेग बिटमध्ये असतो आणि फाईलचे आकारमान बाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून जाहिरातीतील आकड्यास ८ ने भागावे आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी मिळेल असे धरून चालावे.

२००० साली आलेल्या यूएसबी २.० चा वेग सेकंदास ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट. प्रत्यक्षात ३० ते ३५ मिळतात. २००८ साली आलेल्या यूएसबी ३.० ची तार सेकंदास ५ गिगाबिट वाहून नेऊ शकते, पण तेथे फिरती डिस्कच मागे पडते व साधारण १०० मेगाबाइटांवर थांबते. गिगाबिट नेटवर्कची तार कागदावर १२५ मेगाबाइट देते, प्रत्यक्षात शंभराच्या आसपास. जुन्या किंवा स्वस्त राउटरांवर १०० मेगाबिटांचीच भोके असतात. तेथे सुमारे ११ मेगाबाइट मिळतात. वायफायचा वेग भिंती व अंतर यांवर ठरतो. उदाहरणापुरते २० धरू.

आता २०० जीबी माहितीची पहिली प्रत घ्यावयाची आहे असे समजू. यूएसबी ३.० ने किंवा गिगाबिट तारेने सुमारे ३५ मिनिटे लागतील. यूएसबी २.० ने पावणेदोन तासांच्या आसपास, वायफायने पावणेतीन तास, आणि १०० मेगाबिटांच्या भोकातून पाच तास. हीच प्रत सेकंदास २० मेगाबिट चढविणाऱ्या इंटरनेटवरून दूरच्या साठवणीत पाठवावयाची तर सुमारे २२ तास हवेत. फाइली बारीक व हजारोंनी असतील तर सर्वत्र अधिक वेळ लागतो. नेटवर्कवर तो विशेष जाणवतो, कारण प्रत्येक फाइलीमागे दोन यंत्रांची सवालजबाब होते.

या आकड्यांनी गोंधळून जाऊ नये. पहिल्या प्रतीनंतर बदललेल्या फाइलीच तेवढ्या जातात, आणि रोजचे काम काही मिनिटांत आटपते. म्हणून पहिली प्रत तारेने घ्यावी, पुढे वायफाय चालेल. वेगाचे महत्त्व पुन्हा एकदाच येते : संगणक गेलेला असताना आणि उद्या शेवटची तारीख असताना सारे परत मिळवावयाचे असते तेव्हा.

दोन डिस्कांची जोडी म्हणजे बॅकअप नव्हे

नास विकत घेताना दुकानदार सांगतो, ‘दोन डिस्का टाका, एक गेली तरी दुसरी आहे.’ यास ‘रेड’ रचना म्हणतात. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ च्या निबंधात हे नाव रूढ केले. एका डिस्कवर लिहिलेले त्याच क्षणी दुसरीवरही लिहिले जाते, त्यामुळे एक डिस्क मेली तरी काम थांबत नाही. हा लाभ खरा आहे.

परंतु आरशापुढे उभे राहून टोपी काढली, तर आरशातील माणूसही टोपी काढतो. आपण फाईल पुसली की दुसऱ्या डिस्कवरूनही ती त्याच क्षणी पुसली जाते. विषाणूने कुलूप घातले तर दोहोंवर घातले जाते. पेटारा चोरीला गेला तर दोन्ही जातात. रेड ही काम न थांबू देण्याची युक्ती आहे. गेलेले परत आणण्याची सोय तीत नाही.

जोडलेले सारे एकत्र बुडते

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. विंडोजमध्ये नेटवर्कवरून फाइलींची देवाणघेवाण करण्याची जी व्यवस्था आहे, तिच्यातील दोषाचा फायदा घेऊन तो एका संगणकावरून दुसऱ्यावर गेला. ज्या रस्त्याने आपण फाइली नेतो-आणतो, त्याच रस्त्याने संकट आले.

पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ रोजी, ‘नॉटपेट्या’ आला. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे कामकाज त्याने ठप्प केले; न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनललाही त्याची झळ लागली. या कंपनीकडे कोणास कोठे प्रवेश आहे हे सांभाळणारे सुमारे १५० संगणक होते, आणि ते सतत एकमेकांशी जुळवून घेत असत. एक गेला तर बाकीचे आहेतच, अशी त्यामागची कल्पना होती. सगळे एकदम पुसले जातील हे कोणाच्या ध्यानी आले नव्हते. अखेर एक प्रत सापडली, ती आफ्रिकेतील घाना देशात. हल्ल्यापूर्वी तेथील वीज गेली होती, म्हणून तो संगणक नेटवर्कपासून तुटला होता आणि म्हणूनच वाचला. तेथील इंटरनेट इतके मंद की ती प्रत तारेवरून पाठविता येईना. शेवटी डिस्क माणसाच्या हाती देऊन विमानाने आणावी लागली. कंपनीने पुढे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभे केल्याचे तिच्या अध्यक्षांनी सांगितले.

एवढ्या मोठ्या कंपनीला वाचविले ते खंडित वीजपुरवठ्याने! वाचकांनी हे उदाहरण विसरू नये. आपल्याकडे ही गोष्ट दैवावर सोडण्याचे कारण नाही; तार काढून ठेवणे आपल्या हाती आहे.

याचा अर्थ नास टाकाऊ आहे असा नव्हे. त्याला थोडी शिस्त लावावी. बॅकअपसाठी नासवर वेगळा वापरकर्ता व वेगळा पासवर्ड ठेवावा, आणि रोजच्या कामाच्या खात्याने ते फोल्डर उघडता येऊ नये. नासमध्ये ठराविक वेळेची स्थिती गोठवून ठेवण्याची सोय असेल तर ती सुरू करावी. संगणकाकडून आलेली पुसण्याची आज्ञा त्या गोठविलेल्या स्थितीला लागू होत नाही. घरबसल्या फाइली पाहता याव्यात या मोहाने नास इंटरनेटला उघडा टाकू नये. २०२१ मध्ये ‘क्यूलॉकर’ आणि २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ या विषाणूंनी असे उघडे पेटारे हजारोंनी कुलूपबंद केले होते.

एकाच छपराखाली

कपाटातील डिस्क विषाणूपासून वाचते, पण पाण्यापासून वाचत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि तळमजल्यावरील असंख्य कार्यालयांत पाणी शिरले. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास आग लागून वरच्या मजल्यांवरील कागदपत्रे जळाली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर व सांगलीत महापूर आला. अशा वेळी मूळ प्रत, डिस्क व नास एकाच खोलीत असतील तर तिन्ही एकदम जातात.

याउलट उदाहरण १९९८ सालचे आहे. पिक्सार या अमेरिकन चित्रपटसंस्थेत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालू असता एका चुकीच्या आज्ञेने त्यातील बहुतेक फाइली पुसल्या गेल्या, आणि बॅकअपही सदोष असल्याचे आढळले. गॅलिन सुसमन या तंत्रविभागातील बाई तान्ह्या बाळामुळे घरून काम करीत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकात एक प्रत होती. गाडीतून जपून आणलेल्या त्या संगणकाने बराचसा चित्रपट वाचविला.

म्हणून जाणकार ‘तीन-दोन-एक’ असा नियम सांगतात. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे तो रूढ झाला. माहितीच्या एकूण तीन प्रती, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी. दुसरी जागा म्हणजे शेजारची खोली नव्हे. ती दुसऱ्या वस्तीतील, शक्य तर दुसऱ्या गावातील घर असावे. डिस्कवर सभासदांची खाजगी माहिती असते, तेव्हा ती बाहेर ठेवताना पासवर्डने कुलूपबंद करावी. मात्र तो पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात घालून दोन पदाधिकाऱ्यांकडे ठेवावा. एकाच माणसाला ठाऊक असलेला पासवर्ड त्या माणसाबरोबर जातो.

परत मिळवून पाहावे

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संगणक-सेवा देणाऱ्या कंपनीत एका अभियंत्याने चुकून भलत्याच यंत्रावरील माहितीसाठा पुसला. बॅकअपची पाच प्रकारची व्यवस्था होती. ऐन वेळी एकही नीट उपयोगी पडेना. एक प्रकार तर कित्येक दिवस अपयशी ठरत होता आणि त्याची सूचना देणारी पत्रे कोणापर्यंत पोहोचतच नव्हती. सुदैवाने त्याच अभियंत्याने सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी एक प्रत काढली होती. कंपनीने हे सारे न लपविता जाहीर केले, म्हणून आपण त्यातून शिकू शकतो.

बॅकअप घेतल्याची खूण पडद्यावर दिसते, पण ती पुरेशी नाही. तीन महिन्यांतून एकदा डिस्क दुसऱ्याच संगणकाला लावावी, कोणत्याही पाच फाइली निवडाव्यात, त्या तेथे उतरवून उघडून पाहाव्यात. उघडल्या तरच त्या प्रती आहेत असे समजावे.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी येथे एक विशेष सूचना. १९९० च्या दशकातील आपल्या स्मरणिका पेजमेकरमध्ये व त्या वेळच्या खास मराठी फाँटांत जुळविलेल्या आहेत. तो फाँट नसेल तर फाईल शाबूत असूनही पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. म्हणून जुन्या फाइलींबरोबर त्यांचे फाँटही जपावेत, त्यांच्या पीडीएफ प्रती काढाव्यात, आणि नवे सारे लेखन युनिकोडमध्येच करावे.

मग निवड कोणती करावी?

एवढ्या विवेचनानंतर उत्तर सोपे आहे. नेटवर्कवरील डिस्क माणसाच्या विसरभोळेपणापासून वाचविते. थेट जोडलेली व काढून ठेवलेली डिस्क नेटवर्कवरील संकटांपासून वाचविते. एकीचा दोष तो दुसरीचा गुण आहे. ऐपत असेल तर दोन्ही ठेवाव्यात. एकच घेणे शक्य असेल तर काढून ठेवता येणारी डिस्क घ्यावी आणि तिच्यासाठी वार ठरवावा.

संस्थेच्या कार्यालयासाठी आमची सूचना अशी. सर्व संगणकांची प्रत रोज नासवर जावी. दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्का घ्याव्यात, त्यांवर ‘अ’ व ‘ब’ अशी पट्टी चिकटवावी. दर शनिवारी एक डिस्क लावून प्रत घ्यावी व लगेच काढावी. बहुतेक नासना यूएसबीचे भोक असते. डिस्क तेथेच लावली तर तो सर्व संगणकांच्या प्रती तिच्यावर उतरवून देतो. मात्र विंडोजवर वाचता येईल अशीच आखणी निवडावी. महिनाअखेर ‘अ’ बाहेरच्या जागी जावी व ‘ब’ परत यावी. तारीख, कोणी घेतली आणि उघडून पाहिली काय, हे एका साध्या वहीत लिहावे. कार्यकारिणीच्या सभेत जमाखर्चाबरोबर ही वहीही मांडावी.

विद्यार्थ्याला एवढा सरंजाम नको. प्रबंध, प्रकल्प, गुणपत्रिका व जातीचा दाखला यांची स्कॅन केलेली प्रत, घरची छायाचित्रे, एवढे जपले की पुरे. त्यासाठी एक हार्ड डिस्क घ्यावी, दर रविवारी प्रत घ्यावी, आणि प्रबंधासारख्या महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत इंटरनेटवरील साठवणीतही ठेवावी. पेन ड्राइव्ह ने-आण करण्यासाठी आहे. तो हरवतो, खराब होतो, त्यावर विसंबू नये. दोघा मित्रांनी वा मैत्रिणींनी आपापली कुलूपबंद डिस्क एकमेकांच्या घरी ठेवली, तर दुसऱ्या जागेचाही प्रश्न फुकट सुटतो.

आमच्या हातून जे आवाज गेले ते परत येणार नाहीत. परंतु प्रत्येक वस्तीत अजूनही सांगण्यासारखे पुष्कळ असलेली वृद्ध मंडळी आहेत, आणि आज हातातल्या फोनवरही त्यांचे बोलणे टिपता येते. तरुणांनी ते काम अवश्य हाती घ्यावे. टिपलेला आवाज त्याच संध्याकाळी संगणकावर उतरवावा, डिस्कवर त्याची प्रत करावी, डिस्कची तार काढावी, आणि मगच त्या दिवसाचे काम संपले असे मानावे.